न तपासलेल्या अडीच ओळी

"काका, हात काढा बघू. कितीही वेळा दाबलंत तरी तेच होणार," दुरुस्तीवाली बाई म्हणाली.

कात्रीसाहेबांनी कीबोर्डवरचं बोट उचललं. सगळीच्या सगळी बटणं मेली होती. तीन आठवडे त्यांनी घरी नाही नाही ते उपाय करून पाहिले होते. लॅपटॉप उपडा करून थोपटला. दाढीच्या ब्रशने धूळ झाडली. बंद करून चालू केला, चालू करून बंद केला. शेजाऱ्याचं ऐकून एक दिवस उन्हातही ठेवला. यंत्र काही बधलं नाही. शेवटी आज रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच ते लॅपटॉप पोटाशी धरून पायरीवर येऊन बसले होते.

कात्री हे त्यांचं छापखान्यातलं नाव. छत्तीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली. लेखक कितीही मोठा असो, त्याच्या पानावर लाल शाई सांडायला त्यांनी कधी मागेपुढे पाहिलं नाही. चुकीची एक ओळ त्यांच्या हातून सुटेल तर शपथ. निवृत्त झाले तरी सवय जाईना. आता कापायला दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ते स्वतःलाच कापत.

दोन वर्षांपूर्वी बायको गेली. दूरदेशी नोकरी करणारा मुलगा पोचला तो दोन दिवस उशिरा. "आलास तसा जा," ते दारातच म्हणाले. मुलगाही त्यांचाच. हातातली बॅग खाली न ठेवता तो माघारी वळला. त्यानंतर दोघांमध्ये अवाक्षर नाही.

लॅपटॉपवर बोलायची आणि लिहायची चॅटची सोय त्यानेच पूर्वी आईसाठी करून दिली होती. दर रविवारी दहाला मायलेकांच्या गप्पा चालत आणि कात्रीसाहेब पेपराआडून ऐकत. ती गेल्यावर त्याच वेळी ते तिच्या खुर्चीत बसू लागले. 'माझं चुकलं' असं लिहीत. मग वाचून पाहत. एखादा शब्द रडका वाटे, एखाद्यात तोरा दिसे. तासभर खाडाखोड होई आणि शेवटी सगळं पुसून ते उठत. दोन वर्षांत एक ओळ गेली नव्हती. आणि कीबोर्ड बंद पडला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की मुलाचं म्हणून आपल्याकडे एवढंच उरलं होतं. जीव नुसता कासावीस झाला होता.

बाईने लॅपटॉप खोलला, आत सुटलेली एक पट्टी नीट बसवली आणि स्क्रू आवळले. दुकानातलं इंटरनेट जोडलं. शेवटची उघडी राहिलेली खिडकी आपोआप समोर आली. मुलाचा फोटो आणि त्याखाली लिहायची रिकामी चौकट. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

बाईची एक शिस्त होती. दुरुस्त केलेला कीबोर्ड गिऱ्हाइकाच्या हवाली करण्याआधी ती एकूण एक बटण दाबून बघे, समोर जे उघडं असेल त्यातच, आणि एंटर सगळ्यात शेवटी. तिची बोटं भराभर निघाली. आकडे झाले, अक्षरं झाली, कंस झाले.

"अहो बाई, तिथे नको!"

तोवर एंटर दाबलं गेलं होतं. अडीच ओळींचा कचरा कात्रीसाहेबांकडून मुलाकडे गेला.

दोन वर्षं तोलून मापून पाहिलेला पहिला शब्द, आणि गेलं काय, तर हे! मुलाला वाटेल म्हातारा भ्रमिष्ट झाला. किंवा चेष्टा करतोय.

"पुसा ते. आधी पुसा!"

"त्यांनी वाचलंसुद्धा, काका," बाई ओशाळून म्हणाली. "बघा, नावाखाली 'लिहीत आहे' असं आलंय."

"म्हणजे काय?" तिकडून काही येण्याची वेळच आजवर आली नव्हती.

"समोरचा लिहायला लागला की आपल्याला असं दिसतं. तुम्ही लिहिता तेव्हा त्यांनाही दिसतं. ते तेव्हा समोर उघडून बसले असतील तर."

"न पाठवता पुसलं तरी?"

"तरी. शब्द दिसत नाहीत. लिहिताय एवढंच कळतं."

कात्रीसाहेबांनी काउंटरची कड घट्ट धरली. 'लिहीत आहे' नाहीसं झालं. पुन्हा आलं. पुन्हा गेलं. तिकडेही खाडाखोड चालली होती. करण्यासारखं त्यांच्या हातात काही नव्हतं. बाईने स्टूल पुढे सरकवलं, ते त्यांना दिसलंही नाही.

मग उत्तर आलं. त्यांना चष्मा पुसून ते दोनदा वाचावं लागलं.

"बाबा, बरे आहात ना? तीन रविवार तुम्ही लिहिताना दिसला नाहीत, म्हणून निघालोय. विमानतळावर आहे."