गणसंख्येअभावी

सभा पाचची होती. पाच वाजून गेले तरी काकासाहेब उस्मानपुऱ्यात न्हाव्याच्या खुर्चीत बसून मिशीला कलप लावून घेत होते. खिशातला फोन वाजला. युनियनचे सचिव नूरमोहम्मद. काकासाहेबांनी फोन तसाच वाजू दिला. न्हाव्यानं घड्याळाकडं पाहिलं तेव्हा म्हणाले, "निवांत होऊ द्या. तिथं कुत्रंसुद्धा आलं नसंल. तेच सांगायला फोन करतोय तो."

बारा वर्षं ते अध्यक्ष होते आणि बारा वर्षं त्यांचा हाच वैताग होता. पगारवाढ पाहिजे, बोनस पाहिजे, बूट पाहिजेत. पण वार्षिक सभा म्हटली की एकूण एकाच्या घरी पाहुणे. युनियनच्या घटनेप्रमाणं एक तृतीयांश सभासद जमले तरच कोरम होई. तेवढे कधी जमतच नसत. मग घटनेतलंच पुढचं कलम कामी येई: गणसंख्येअभावी सभा तहकूब करावी, अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा भरवावी आणि तेव्हा कोरमची अट नाही. म्हणून काकासाहेब थेट साडेपाचलाच उगवत. मोटारसायकलवाली चार-पाच जवळची माणसं येत. दहा मिनिटांत सगळे विषय मंजूर, अध्यक्ष बिनविरोध. मतं देणारेच पाच, तर दुमत यायचं कुठून?

"लोकांनाच नको असतंय हो," ते आरशातल्या न्हाव्याला म्हणाले. "आयतं पाहिजे सगळ्यांना. मी मरमर मरायचं आणि यांनी पारावर बसून मला शिव्या द्यायच्या."

यंदाचा विषय जरा नाजूक होता. कंपनी बिडकीनची बस बंद करणार होती, बदल्यात सगळ्यांचा भत्ता थोडा वाढणार होता. काकासाहेबांनी मॅनेजरला शब्द देऊन टाकला होता. आता फक्त सभेची मंजुरी तेवढी राहिली होती.

मागच्या आठवड्यात तनुजानं त्यांना कंपनीच्या गेटवर गाठलं होतं. ती जुळणी विभागात कामाला, रोज बिडकीनहून येणारी. "काका, बस बंद झाली तर आम्हा बिडकीनच्या बायांना नोकरीच सोडावी लागंल. भत्ता घेऊन काय करायचं?"

"बाई, गेटवर बोलून काय होतंय?" काकासाहेब चिडले होते. "काही म्हणणं असंल तर सभेत मांडा."

"सभेला येतोत की आम्ही. तुम्हीच नसता."

"मग थांबायचं अर्धा तास. एवढाबी दम नाय का?"

"सव्वापाचला बस सुटती, काका."

"युनियन काय बसच्या टाइमावर चालती का?" असं म्हणून ते निघून गेले होते. तेव्हापासून ती पोरगी डोक्यात बसली होती. बोलायला पुढं, यायला मागं.

कलप वाळला. काकासाहेब गाडी काढून स्टेशनच्या एमआयडीसीकडं निघाले. वळणावर समोरून कंपनीची बिडकीनची बस आली, खचाखच भरलेली. खिडकीत तनुजा. तिनं त्यांना पाहून हात जोडले.

काकासाहेबांचं डोकंच फिरलं. हिचीच बस बंद होणार, हिच्याच भल्याचा विषय, आणि ही बाई सभा सोडून घरी चालली. वर नमस्कार घालते! हिला बस कशाला पाहिजे? अशांच्या नशिबी पायपीटच पाहिजे.

सभेच्या हॉलबाहेर नेहमीची चार माणसं मोटारसायकलींना टेकून उभी होती. "चला आत, उरकून टाकू," काकासाहेब म्हणाले. एकानंही पाय उचलला नाही. "तुम्हीबी तसलेच," असं पुटपुटत ते एकटेच आत गेले.

आत अपेक्षेप्रमाणं कोणी नव्हतं. पंखे फुकट फिरत होते आणि नूरमोहम्मद खुर्च्या एकात एक रचत होता. काकासाहेबांना संताप आला, आणि खरं सांगायचं तर त्या संतापाच्या तळाशी जरा बरंही वाटलं. ते मधल्या खुर्चीत बसले.

"बघ, नूर. हे आपले सभासद. यांच्यासाठी आयुष्य घातलं मी. चहा दे."

"चहा संपला, काका."

"संपला? दोन किटल्या चहा पिला कोणी, पंख्यांनी?" उत्तराची वाट न पाहता त्यांनी टेबलावर बोट आपटलं. "बरं, लिही. गणसंख्येअभावी सभा तहकूब..."

नूरमोहम्मदनं पेन उचललं नाही. कोपऱ्यातला डबा कागदी कपांनी ओसंडून वाहत होता. काकासाहेबांची नजर तिथं गेली आणि अडकली.

"हो गयी सभा, काका," नूरमोहम्मद हळूच म्हणाला. "पाचला कोरम भरला. लोकं जिन्यात उभे होते. म्हणून तर फोन लावला तुम्हाला. तुम्ही नव्हता, मग घटनेप्रमाणं हजर लोकांतूनच एकाला सभेचा अध्यक्ष केलं. दहा मिनिटांत सगळे विषय झाले. आपल्याकडं होतात तसेच. बसचा करार नामंजूर."

काकासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "आन् युनियनचा अध्यक्ष?"

"तनुजाताई," नूरमोहम्मद म्हणाला. "बिनविरोध."

"असं कसं?" काकासाहेब उठून उभे राहिले. आवाज चढला होता, पण ऐकायला नूरमोहम्मदशिवाय कोणी नव्हतं. "बारा वर्षं राबलो मी. माझं म्हणणं कोणी ऐकायचं का नाय?"

"मीबी तेच विचारलं." नूरमोहम्मदनं त्यांच्यामागची खुर्ची उचलून बाकीच्यांवर रचली. "ताई बसमधे चढता चढता बोलल्या, काकांचं काही म्हणणं असंल तर सभेत मांडा म्हणावं. पाचला."