अण्णांची गाडी

किक मारून मारून सुलभाच्या पोटरीत गोळे आले, तरी अण्णांची जुनी मोटरसायकल ढिम्म. कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला. आता आणखी काय?

“पुरे गं,” आई रडवेली झाली. “त्यांना कुठं काय कळतंय?”

अर्धांगवायूनंतर चार महिने अण्णा ओसरीतल्या खाटेवर पडून होते. ना बोलणं, ना ओळख. गाडीच्या आवाजाने तरी ते भानावर येतील, एवढीच आशा होती. सुलभा टाकीवर डोकं टेकून हुंदके देऊ लागली.

खाट करकरली. अण्णांचा हात वर आला होता. दोन बोटं हवेत काहीतरी पिरगाळत होती.

“अगं बाई, पेट्रोलचा कॉक!” कार्बोरेटर काढताना तिनेच तो बंद केला होता.

कॉक उघडून किक मारताच इंजिन धडधडलं. अण्णांनी तोच हात कपाळावर मारून घेतला.

“रागवा, अण्णा,” ती रडतरडत ओरडली, “खूप रागवा!”