खरं लोखंड

ठिणगी उडाली आणि अश्लेषा दचकून मागे सरली. मग स्वतःशीच हसली. डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा होता. ठिणगीही खोटी, लोखंडही खोटं. आयटीआयच्या वेल्डिंगच्या वर्गातली ती एकमेव मुलगी. खऱ्या ठिणग्यांना घाबरून पहिल्याच आठवड्यात कोर्स सोडायला निघाली होती, तेव्हा वर्गाला शिकवणाऱ्या डफळे सरांनी सरावासाठी हा चष्मा दिला.

महिनाभर ती चष्म्यातच चुकली, चुकत चुकत शिकली. मग एका सकाळी डफळे सरांनी तिला खऱ्या टेबलापाशी उभं केलं.

"आज खरं लोखंड. भीती वाटते?"

"खूप," म्हणत तिने तोंडावर मास्क ओढला.

निळा प्रकाश भडकला. ठिणग्या ॲप्रनवर आदळल्या, पण जोड पुरा होईपर्यंत ती मागे सरली नाही.

जोड थंड झाल्यावर सरांनी त्यावर हातोडा घातला. लोखंडी पट्टी वाकली, पण जोड तुटला नाही.

"सर," ती आनंदाने ओरडली, "अजून जोरात मारा!"