मागेरोची वर्गणी

आमच्या सरोवरकाठच्या किसुमूकडे माणूस गेला की आधी मोबाइलवर मयताची वर्गणी येते, मग रडू. मागेरो कोळी गेला तेव्हा तर सरोवरातल्या माशांनीही पैसे पाठवले! एका दुपारी एवढी वर्गणी आली की बँकेला घोटाळा वाटला. त्याच्या बायकोचं, अकेयोचं, खातं गोठवलं. इकडे बिल भरल्याशिवाय शवागार मागेरोला सोडेना. आम्ही सगळे बँकेत जाऊन असे रडलो की छताचे पंखे थांबले. “आजोबा, पटलं मला,” मॅनेजर म्हणाला, “पण चौकशीला आठवडा लागेलच.” “लेका, तोवर मेलेला कंटाळून चालत घरी येईल!” मी म्हणालो. सगळे हसले. अकेयो हसली नाही. तिनं खांद्यावरची शाल काढून मॅनेजरपुढे ठेवली. “शवागारात मला आत सोडत नाहीत, साहेब. तुम्हाला सोडतील. एवढी त्याच्या अंगावर घाला. पहाटे होडीवरून आला की चुलीपाशी बसूनही कुडकुडायचा तो.”