ठोका मागून पडला

लखनने बास ड्रमवर पाय आपटला आणि आमलीच्या त्या पत्र्याच्या हॉलमधली सगळी माणसं उभी राहिली. ईस्टरची सकाळ होती. मसाटच्या कंपन्यांतून रात्रपाळी करून थेट आलेलेसुद्धा जांभया विसरून टाळ्या वाजवत होते. उपदेश नुकताच संपला होता. "कृपा कमावता येत नाही, ती फुकट मिळते," असं पास्टर पुन्हा पुन्हा म्हणाले होते, आणि दर वेळी लखनने आमेनच्या जागी धप्प करून ड्रम वाजवला होता. वाजवायला आपलं काय जातं!

शेवटचं गाणं सुरू झालं. लखन असा काही रंगात आला होता, की झांजेचा स्टँड कडव्यागणिक बोटभर पुढे सरकत होता. तेवढ्यात त्याला दारात, चपलांच्या ढिगापाशी, नीलेश दिसला.

नीलेश म्हणजे त्याच्या आधी या ड्रमवर बसणारा. नाताळच्या भक्तीच्या सभेला तो पिऊन आला, भर गाण्यात ड्रमसकट स्टेजवरून खाली कोसळला आणि तेव्हापासून इकडे फिरकला नव्हता. पास्टरांनी लखनला बसवलं तेच मुळी 'नीलेश परत येईपर्यंत' असं सांगून. लखनने हो म्हटलं होतं. पण ड्युटी सुटल्यावर उपाशीपोटी सराव करून करून ते स्टूल आता त्याला स्वतःचं वाटायला लागलं होतं. कंपनीत त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. इथे तो सगळ्यांचा ड्रमवाला होता.

त्याला राग आला. चांगलाच आला. इतके रविवार गेले, आणि याला नेमकं आजच यायचं सुचलं! त्याने मान खाली घातली आणि ठोके आणखी जोरात घातले.

पुन्हा वर पाहिलं तर नीलेश तिथेच. त्याने चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. एक पाय आत, एक बाहेर असा उभा राहून तो बोटांनी स्वतःच्या मांडीवर ताल धरत होता. ती बोटं दिसली आणि लखनचा राग कुठल्या कुठे गेला.

त्याने स्टिक हलवून खूण केली, ये. नीलेशने मान हलवली. पुन्हा खूण केली. नीलेशने हात जोडले आणि मागे सरकला.

मग लखनने जे केलं ते कुठल्याही ड्रमवाल्याने करू नये. तो भर गाण्यात उठला. ड्रम बंद पडला. कीबोर्डवरचा कल्पेश दचकला. पण टाळ्या थांबल्या नाहीत. गाणं नुसत्या टाळ्यांवर चालत राहिलं आणि लखन माणसांतून वाट काढत दारापाशी पोचला.

"चल. बस जाऊन."

"नको रे भाऊ. कुठल्या तोंडाने बसू मी?"

"तोंडाने नाही, हाताने वाजवायचं असतं. पळ लवकर, कडवं संपतंय!" लखनने स्टिक त्याच्या हातात कोंबल्या.

नीलेश चपला भिरकावून धावला. लखनला मजा वाटली. आता हा असा वाजवेल की पत्रे उडतील, आणि आपल्याला कुणी विचारणार नाही. होऊ दे.

पण नीलेश चुकला. सवय मोडली होती. टाळी पडून गेली आणि त्याचा ठोका मागून पडला. पुढचाही तसाच. टाळ्या एकीकडे, ड्रम भलतीकडे. गाणारे अडखळले. सगळ्यांच्या माना लखनकडे वळल्या. कल्पेश तर वाजवता वाजवताच ओरडला, "लखन, तू बेसी जा ने ड्रमवर!"

स्टूल परत मिळत होतं. मागायचीसुद्धा गरज नव्हती. नीलेशला ते कळलं. त्याचे हात मंदावले, तो उठायला लागला.

लखनने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि टाळी दिली. गाणाऱ्यांबरोबर नाही, नीलेशच्या ठोक्यावर. एकटाच. शेजारी उभ्या नवापूरच्या सरुबाईंनी याला वेड लागलं की काय अशा नजरेने पाहिलं.

"मावशी, ड्रमवर! ड्रमवर टाळी द्या!"

सरुबाईंनी एक टाळी सोडून दिली आणि पुढची त्याच्याबरोबर वाजवली. मग त्यांच्या पुढची रांग वळली. मग बायकांची सगळी बाजू, मग स्टेजजवळची पोरं. टाळी सरकत सरकत हॉलभर गेली. पास्टरांनी गाता गाता एक जास्तीचा श्वास घेतला आणि पुढची ओळ नीलेशच्या ठोक्यावर उचलली. कल्पेशने आठ्या घालून कीबोर्डवरची बोटं वर घेतली, थांबला आणि त्याच ठोक्यावर पुन्हा टेकवली. नीलेश परत बसला. आता तो रडत होता आणि वाजवत होता, आणि झांज अशी झणाणली की रस्त्यावरचे रिक्षावाले आत डोकावू लागले.

लखन नाचत नाचत स्टेजपाशी आला. टाळ्या देऊन तळवे लालबुंद झाले होते. कल्पेश त्याच्या कानाशी वाकून ओरडला, "अरे, पण चुकला होता ना तो!"

"कुठे चुकला?" लखन म्हणाला. "ऐक ना."