चमचाभर पाणी

भिंतीवरच्या पडद्यावर नऊ सिस्टरांची नावं होती. आठ हिरवी, आणि पार तळाला एक लालभडक. ते आक्कांचं.

“महिन्याभरात एकशे बारा गोळ्या उशिरा,” मेट्रनबाई म्हणाल्या. “आक्का, तुमच्या कामाला कुणी नावं ठेवत नाही. पण आता सगळा कारभार टॅबवर आलाय आणि तुमचा काही त्याच्याशी मेळ बसत नाही. सोमवारपासून चादरींच्या स्टोअरला बसा. शेवटची चार वर्षं आहेत, आरामात जातील.”

आक्का एकतीस वर्षं या अर्धांगवायूच्या वॉर्डात होत्या. चादरी मोजायला त्या नर्स झाल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

मागे उभी असलेली धाकटी सिस्टर मात्र एक पाऊल पुढे सरकली. ती आक्कांची सख्खी भाची. वॉर्डाच्या दारात नातं चपलांसारखं बाहेर काढून ठेवायचं, असा आक्कांचा दंडक होता. दोन वर्षांत तिने इथे ‘मावशी’ म्हणून एकदाही हाक मारली नव्हती. मेट्रनबाईंना तर हे नातं ठाऊकही नव्हतं. आत्ताही ओठांवर आलेला शब्द तिने तसाच गिळला.

“मी यासाठी नाही आले,” टॅबचा प्रोग्रॅम लिहिणारी मुलगी मध्येच म्हणाली. सकाळपासून ती लॅपटॉप मांडून काउंटरच्या कोपऱ्यात बसली होती. “मला एक कोडं पडलंय. या वॉर्डात महिन्याभरात साठ वेळा ‘रुग्ण जागेवर नाही’ अशी नोंद आहे. ज्यांना स्वतःहून कूससुद्धा बदलता येत नाही, ते जातात तरी कुठे?”

आठही जणींना अचानक छताचा पंखा बघावासा वाटला.

कोडं काही अवघड नव्हतं. गोळीला उशीर झाला की टॅब कारण विचारायचा. चार कारणं तयार असायची, खाली एक रिकामी चौकट. घाईच्या वेळी कोण वाचत बसतंय? सगळ्या जणी पहिल्याच, ‘रुग्ण जागेवर नाही’ या कारणावर बोट ठेवून मोकळ्या व्हायच्या. एकट्या आक्का त्या चौकटीत एका बोटाने टकटक करत बसायच्या. “काय आक्का, कादंबरी कुठवर आली?” अशी रोज चेष्टा व्हायची.

“खरी कारणं एकाच बाईंनी लिहिलीत,” ती मुलगी म्हणाली. तिने पडद्यावरची नावं घालवली आणि दुसरीच पानं उघडली. मोठ्याने वाचू लागली.

“‘आधी चमचाभर पाणी पाजलं. ठसका लागला. गोळी थांबवली, डॉक्टरांना कळवलं.’ ‘पाणी ओठांच्या कडेने गळालं. नीट बसतं केलं, दहा मिनिटं थांबले, पुन्हा पाजलं. गिळलं. मग गोळी.’ ‘पाण्यानंतर आवाज ओला येतोय, पाणी घशातच अडकलंय. गोळी दिली नाही.’ आठ महिने हेच चाललंय. एकही नोंद अर्धवट नाही.”

मेट्रनबाई खुर्ची सोडून पडद्याजवळ गेल्या. “एवढं सगळं तुम्ही लिहीत होतात?”

“टॅब विचारत होता ना,” आक्का म्हणाल्या. “विचारणाऱ्याला उत्तर द्यायला नको?”

“या आठ महिन्यांत,” मुलगी म्हणाली, “गोळी देताना ठसका लागून रुग्ण काळानिळा पडल्याचे प्रकार अकरा. आक्कांच्या ड्यूटीवर एकही नाही. मी या नोंदी मोठ्या डॉक्टरांना दाखवल्या. त्यांनी रात्रीतून सगळ्या वाचल्या आणि आज सकाळी टॅबमध्ये बदल करायला सही करून दिली.”

मेट्रनबाई बराच वेळ वाचत राहिल्या. “या ठसक्यांसाठी मी गेल्या महिन्यात समिती नेमली,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “काखेत कळसा नि गावाला वळसा.” मग वळून म्हणाल्या, “आक्का, चादरींचं राहू द्या. या आठ जणींना शिकवायचं कधीपासून, तेवढं सांगा.”

“दोनच्या गोळ्यांची वेळ झालीय,” आक्का म्हणाल्या. “आधी त्या होऊ देत.” आणि त्या आपली ट्रॉली घेऊन निघाल्यासुद्धा.

मुलीने एक बटण दाबलं. वॉर्डातले सगळे टॅब एकदम किणकिणले.

धाकटी सिस्टर सहा नंबरच्या खाटेपाशी गेली. कालच आलेला रुग्ण होता, अर्धं तोंड वाकडं झालेलं. उशाशी बायको बसून होती. सिस्टरने रुग्णाच्या मनगटावरची पट्टी टॅबला दाखवली. रोजच्यासारखं नाव आलं, पण गोळी आली नाही. पडदा एका वाक्यावर अडून बसला.

‘आधी चमचाभर पाणी पाजून पाहिलं का?’

तिने ते दोनदा वाचलं. आता प्रत्येक खाटेपाशी, प्रत्येक गोळीआधी, आक्का अशाच आडव्या येणार होत्या. अभिमानाने तिचा ऊर भरून आला, आणि हसूही आलं. तिने उशी उंच केली, रुग्णाला बसतं केलं आणि चमचा त्याच्या ओठांना लावला. मग घाई न करता त्याच्या गळ्याकडे बघत राहिली. गळ्याची घाटी हळूच वर गेली आणि खाली आली. “आ म्हणा बघू,” ती म्हणाली. आवाज कोरडा होता.

“हे पाण्याचं डॉक्टरांनी सांगितलंय का हो?” बायकोने विचारलं.

दोन खाटा पलीकडे आक्का पाठमोऱ्या उभ्या होत्या. मेट्रनबाई काउंटरवरून इकडेच बघत होत्या.

“नाही,” ती वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “माझ्या मावशीने.”