वाढदिवसांचं कॅलेंडर

हार्लेमच्या इतर डच घरांसारखं आमचंही वाढदिवसांचं कॅलेंडर संडासातच टांगलेलं आहे. आमच्याकडे दत्तक येणाऱ्या दोघा भावंडांचे पलंग तयार होते, पण इथिओपियातल्या कोर्टाचा निकाल उद्या होता. मी जानेवारीच्या पानावर पेन्सिलीने ‘हिरुत, बेरेकेत’ लिहिलं. “किती वेळ संडास अडवशील गं?” सासूबाई दारात उभ्या. “आणि दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी?” “खरी तारीख कुणालाच ठाऊक नाही, आई. अनाथाश्रमाने एक जानेवारी ठोकून दिलीय.” “पण पेन्सिल कशाला?” मी मार्चचं पान दाखवलं. दोन वर्षांपूर्वी तिथे पेनाने लिहिलेलं, कोर्टाने नाकारल्यावर मीच खोडलेलं एक नाव होतं. सासूबाईंनी चष्मा लावला, मे महिना उघडला आणि स्वतःच्या नावाशेजारी दोन्ही नावं पेनाने लिहिली. “खरी तारीख सापडेपर्यंत माझी वापरू देत,” त्या म्हणाल्या. “आणि खोडायची वेळ आली, तर आधी मला खोड.”